‘हा ऐकतच नाही!’ : फुटबॉल मॅनेजरमधली तक्रार आणि संशोधनातला प्रश्न

रात्रीचे साडेअकरा. जेल पूर्ण व्हायला अजून पाऊण तास आहे आणि लॅबबाहेरच्या बाकावर आमचा ज्युनिअर लॅपटॉपवर ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळतोय. मध्येच ओरडतो, "ताई, ह्याला शंभरदा सांगितलं की लांबून शॉट मारू नकोस. हा ऐकतच नाही!"

हा गेम ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे चेंडूला लाथ तुम्ही मारत नाही. तुम्ही मॅनेजर असता. संघ निवडायचा, रचना ठरवायची, खेळाडूंना सूचना द्यायच्या आणि मग सामना बघत बसायचं. ‘पास छोटे ठेवा’, ‘शॉट कमी मारा’, ‘चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये नेऊनच संधी शोधा’ अशा त्या सूचना. आणि मग एखादा पठ्ठ्या तीस यार्डांवरून चेंडू प्रेक्षकांत पाठवतो, तेव्हा वाटतं की सूचना वाया गेली.

पण "हा ऐकत नाही" हे निरीक्षण आहे की निष्कर्ष? संशोधनाकडे वळणार असाल तर इथे जरा थांबा. कारण उद्या हेच वाक्य तुम्ही तुमच्या पेशींबद्दल, रोपांबद्दल किंवा सर्व्हेतल्या लोकांबद्दल म्हणणार आहात.

सूचना म्हणजे बटण नव्हे

गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या पट्टीवर दिलेले असतात. त्यात ‘डिसिजन्स’ आहे, म्हणजे योग्य निर्णय घेण्याची क्षमता. ‘टीमवर्क’ आहे, आणि त्याचा संबंध खेळाडू डावपेचांच्या सूचना किती पाळतो याच्याशीच आहे. शिवाय काहींना सवयी असतात, उदाहरणार्थ ‘लांबून शॉट मारतो’. संघाला नवीन डावपेच अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. वर तुम्हीच एकीकडे ‘आक्रमक खेळा, वेग वाढवा’ म्हणता आणि दुसरीकडे ‘घाई करू नका’. मग त्याने नक्की काय ऐकायचं?

आतला पूर्ण हिशेब कंपनी उघड करत नाही. पण एक गोष्ट बाहेरूनही दिसते. सामन्याआधी गेम सेव्ह करा, तोच सामना पुन्हा खेळा, तो वेगळा घडतो. म्हणजे आत योगायोगाला जागा आहे. सूचनेमुळे एखादी कृती होण्याची शक्यता कमी-जास्त होते, कृती पक्की ठरत नाही.

‘शंभरदा’ नको, आकडा सांगा

समजा (हे आकडे माझ्या मनचे आहेत) एका खेळाडूला सामन्यात लांबून शॉट मारण्याच्या १० संधी मिळतात. सूचना नसेल तर प्रत्येक संधीला तो शॉट मारण्याची शक्यता ०.४०. सूचना दिली की ०.२५. म्हणजे सरासरी ४ शॉटवरून २.५ वर. सूचना चांगलीच लागू पडतेय, बरोबर?

आता सूचना दिलेला एक सामना बघा. त्यात त्याने ४ किंवा जास्त शॉट मारण्याची शक्यता किती? द्विपद वितरणाने काढलं तर साधारण २२ टक्के. म्हणजे सूचना व्यवस्थित काम करत असूनही दर चार-पाच सामन्यांत एकदा तुम्हाला वाटणार की ह्याने काही ऐकलंच नाही. आणि लक्षात तोच सामना राहतो. त्याच अंतरावरून गोल झाला असता तर आपण ‘ऐकलं नाही’ म्हटलं असतं का? टाळ्या वाजवल्या असत्या.

याच आकड्यांत दोन्ही प्रकारचे ५-५ सामने मोजले, तर सरासरीतला १.५ चा फरक प्रमाण त्रुटीच्या जेमतेम दीडपट भरतो. त्यावर पैज लावू नये. २०-२० मोजले तर तो तिपटीच्या पुढे जातो. मग बोलायला तोंड येतं.

सूचना कधी दिली?

ज्युनिअरला विचारलं, "ही सूचना तू देतोस कधी?" म्हणाला, "मागे पडलो की. समोरचे सगळे बॉक्समध्ये गर्दी करून उभे राहतात ना, तेव्हा."

आता बघा गंमत. गर्दी असल्यामुळे पास द्यायला जागा नाही. जागा नाही म्हणून लांबून शॉट वाढतात. आणि नेमकी त्याच वेळी सूचना दिली जाते. नोंदी काढल्या तर ‘सूचना दिली की शॉट वाढतात’ असं उलटंच दिसेल! सूचना आणि शॉट, दोन्हींच्या मागे एकच कारण आहे. याला कन्फाउंडिंग म्हणतात.

हसू नका, मी हेच केलंय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी भाताच्या रोपांना जिबरेलिन देत होते. या संप्रेरकाने रोपं उंच वाढतात, हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान. माझ्या रोपांत फरक जवळजवळ शून्य. सहा आठवडे गेले. मी प्रगती अहवालात लिहूनही टाकलं की हे वाण प्रतिसाद देत नाही. गाईडनी एकच विचारलं, "कोणत्या कुंड्यांना द्यायचं हे कोणी ठरवलं?"

मीच ठरवलं होतं. मरतुकडी दिसणारी रोपं बघून, ‘यांना गरज आहे’ म्हणून. रोपं बिचारी ऐकत होती. मागून धावत येऊन बरोबरीला पोहोचत होती, आणि मी त्यांना बहिरी ठरवत होते. ते वाक्य खोडलं. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून कुंड्या वाटल्या आणि फरक फूटपट्टीवर दिसला.

जे ऐकतात ते कोण असतात?

एक सापळा याहून खोल आहे. वाटेल, ज्यांनी सूचना पाळली आणि ज्यांनी नाही, अशा खेळाडूंची कामगिरी ताडून बघू. पण सूचना पाळणारा खेळाडू बहुधा टीमवर्क आणि निर्णयक्षमतेतही वरचढ असतो. तो तसाही बरा खेळला असता.

याचं गाजलेलं उदाहरण वैद्यकशास्त्रातलं आहे. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे औषध किंवा औषध नसलेली गोळी चिठ्ठी पद्धतीने वाटली होती. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की क्लोफायब्रेटच्या ८० टक्के किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्यांत पाच वर्षांतला मृत्युदर १५.० टक्के होता, कमी घेणाऱ्यांत २४.६. औषध भारी, नाही का? पण खोट्या गोळीच्या गटातही नियमित घेणाऱ्यांत १५.१ आणि टाळणाऱ्यांत २८.२! गोळीत औषधच नव्हतं. फरक गोळीचा नव्हता, माणसांचा होता. दोन्ही गट अख्खे ताडले तर २०.० आणि २०.९, म्हणजे जवळपास सारखेच.

म्हणून चाचणीत ज्याला जे नेमून दिलं त्याच गटात त्याला मोजतात, मग त्याने ते पाळलेलं असो वा नसो. या पद्धतीचं नाव ‘इंटेन्शन टू ट्रीट’. मुलाखतीत हमखास विचारतात, लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

ज्युनिअरला वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. त्या तुमच्या प्रयोगालाही चालतील.

१. ‘ऐकणं’ म्हणजे काय ते आधी ठरव: पेनल्टी बॉक्सबाहेरून मारलेले शॉट.
२. सामन्याआधी सेव्ह केलेल्या एकाच ठिकाणाहून सुरुवात कर. बाकी काही बदलू नकोस.
३. सूचना द्यायची की नाही हे नाण्याला ठरवू दे, तुझ्या वैतागाला नको.
४. किती सामने मोजणार ते आधी लिही, आणि मोजलेला एकही सामना वगळू नकोस. चिडवणारा तर मुळीच नाही.

एवढं करून फरक दिसला नाही, तर म्हण खुशाल की सूचनेचा परिणाम सापडला नाही. तरीही ‘खेळाडू ऐकत नाही’ हे वेगळंच वाक्य आहे. कदाचित त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसेल. कदाचित सवय सूचनेपेक्षा जड असेल. त्यासाठी पुढचा प्रयोग.

आज सकाळी त्याला विचारलं, कुठवर आलं? बारा सामने झालेत म्हणाला. निकाल काय दिसतोय असं विचारलं, तर वही मिटली आणि म्हणाला, "चाळीस ठरलेत ना ताई? मग चाळीस झाल्यावर सांगतो."

पोरगा संशोधन करणार बहुतेक.