जामीन मंजूर झाल्यानंतर

सकाळी ७. दिवसाचा पहिला फोन उसाच्या फडात. जालन्याकडचा बावीस वर्षांचा पोरगा मोबाइलचोरीच्या गुन्ह्यात आर्थर रोड तुरुंगात आहे. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन महिना उलटला, तरी तो आतच. आईबाप कोल्हापूरकडे तोडीला. मुकादमाच्या फोनवर आई भेटली. अटकेचं तिला आज कळलं. "जेवतो का नीट?" हे आधी विचारलं. मग म्हणाली, "उचल घेतलीया ताई, फड सोडून कसं यावं?" मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, गावातल्या चुलत्यांचा नंबर द्या.

९:३०. तुरुंगात मुलाखती. घरचा नंबर पाठ असलेला कैदी क्वचित भेटतो. नंबर मोबाइलमध्ये आणि मोबाइल पोलिसांकडे जप्त. म्हणून आम्ही गाव, शाळा, किराणा दुकान, शेजाऱ्याचं नाव विचारत बसतो. त्यातून माणूस सापडतो. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला संपायचा असलेले. त्यातल्या कितीतरी जणांना सगळ्यात आधी हवा असतो तो बाहेर धावपळ करणारा एक माणूस.

१२. किल्ला कोर्ट. चुलत्यांनी सातबारा पाठवला, पण पडताळणी जालन्याहून होऊन येईपर्यंत आणखी किती दिवस जातील? परगावचा जामीनदार म्हटलं की अजूनही कपाळाला आठ्या पडतात. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटनी भावाला जामीनदार मानलं नव्हतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. विधी सेवेच्या वकीलबाईंनी अर्जात नेमकं तेच मांडलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रोजनामा चाळला, पोराचं वय पाहिलं. जामीनदाराऐवजी पाच हजार रोख.

२:३०. पैसे आमच्या संस्थेच्या निधीतून भरले, पावती घेतली. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते, पण त्याला जिल्हा समितीची मंजुरी लागते. हा पोरगा आज सुटायला हवा. लोक याला दान समजतात. मला ते पटत नाही. पोरगा तारखांना येत राहिला, तर खटला संपल्यावर ही रक्कम परत मिळते आणि तिच्यावर दुसरा कुणी सुटतो. म्हणून देणगीदारांना मी सांगते, जामिनाच्या रकमेइतकाच तारखांच्या प्रवासखर्चाला पैसा द्या.

४. सुटकेचा आदेश घेऊन टॅक्सी. सुटकेचे आदेश तुरुंगाच्या जामीनपेटीत टाकायचे असतात. एकदा संध्याकाळची पेटी उघडून झाली की त्यानंतर कागद आलेल्याची सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. केवळ तेवढ्यासाठी एक रात्र आत काढावी लागणं मला अजून सहन होत नाही.

७:३०. तो बाहेर आला. अंगावर अटकेच्या दिवशीचाच शर्ट. आधी जेवण, मग निवाऱ्यातली खाट. तो आधी काम करायचा त्या गोदामाचे मालक त्याला परत कामावर घ्यायला तयार आहेत, हे मी दुपारीच पक्कं केलं होतं. पुढची तारीख त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली आणि दोन कागदांवर लिहिली: एक त्याच्या खिशात, एक मालकांकडे. चुकली तर वॉरंट निघेल, रक्कम जप्त होऊ शकेल आणि पुढच्या वेळी जामीन मिळणं कठीण जाईल. त्यामुळे आदल्या दिवशी मी फोन करणार आहे आणि सकाळी कोर्टाच्या दारात उभीही राहणार आहे.

९. उद्याचे कागद. भायखळ्याच्या महिला तुरुंगात एकीची मुलगी तिच्यासोबत राहते. सहा वर्षांपर्यंतच मुलांना आईजवळ ठेवता येतं आणि ही पुढच्या महिन्यात सहाची होईल. जामिनाची सुनावणी त्याआधीची मिळावी, यासाठीचा अर्ज आज रात्रीच लिहून होणार.