भरतीची रेषा कोठवर सरकली?

मुंबईच्या अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची कमान पाहावयास दररोज हजारो लोक येतात. ही कमान १९२४ साली पूर्ण झाली. तिच्याहून शेहेचाळीस वर्षांनी जुने असे एक काम या बंदरावर चालत आले आहे. परंतु त्याची माहिती फारच थोड्यांना असते. समुद्राची पातळी किती चढली आणि किती उतरली याची नोंद येथे १८७८ पासून ठेवली गेली आहे. हिंदी महासागराच्या परिसरातील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते.

जुन्या पद्धतीच्या भरतीमापकाची रचना अगदी साधी असे. समुद्राशी खालच्या अंगाला एका लहान छिद्राने जोडलेली एक उभी विहीर, तिच्यात तरंगणारा एक पोकळ तरंगा आणि त्या तरंग्याला तारेने बांधलेली लेखणी. बाहेरच्या लाटांची खळबळ त्या लहान छिद्रातून आत शिरत नाही. आतले पाणी केवळ भरती-ओहोटीबरोबर संथपणे वरखाली होते आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर लेखणी त्याची रेघ ओढीत राहते. आता लेखणीची जागा रडारच्या लहरींनी घेतली आहे आणि नोंदी उपग्रहामार्फत क्षणार्धात हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे पोहोचतात. मूळ कल्पना मात्र तीच राहिली आहे.

या रेघेतून हवामानबदलाचा अर्थ काढणे मात्र सोपे नाही. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळच कमी होतो. ऋतू पालटला, वारा फिरला, की पातळी बदलते. शिवाय चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे आहे आणि त्यानुसार भरतीचे मानही कमीअधिक होते. म्हणूनच समुद्राची सरासरी पातळी ठरविताना एकोणीस वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्यात, असा संकेत आहे. पाच-सात वर्षांच्या आकड्यांवरून समुद्र वाढला किंवा घटला असे म्हणणे हे चार दिवसांच्या पावसावरून दुष्काळ जाहीर करण्यासारखेच होय.

हे सारे चढउतार वगळून शास्त्रज्ञांनी १८७८ ते १९९४ या काळातील मुंबईच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाढीचे मान वर्षाला सुमारे ०.८ मिलिमीटर आढळले. शतकाहून अधिक काळात ही वाढ जेमतेम चार-पाच बोटे भरते. परंतु गतीच आता बदलली आहे. जगातील समुद्रांची सरासरी पातळी १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला १.३ मिलिमीटर या मानाने वाढत होती. २००६ ते २०१८ या काळात हे मान ३.७ मिलिमीटरवर गेले. समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावते आणि जमिनीवरील हिमनद्या व हिमस्तर वितळून त्यात भर घालतात, ही याची दोन मुख्य कारणे होत.

येथे एक शंका सहज येते. बंदराचा धक्काच खचत असेल तर पाणी वाढल्याचा भास होणार नाही काय? अवश्य होईल. भरतीमापक पाण्याची उंची जमिनीच्या संदर्भात मोजतो. जमीन हलली तर मोजमापही फसते. यासाठी जवळच्या पक्क्या खडकावरील उंचीच्या खुणांशी मापकाची वरचेवर पडताळणी करावी लागते. अंतराळातूनही स्वतंत्र मोजणी केली जाते. १९९२ पासून उपग्रह समुद्राच्या पृष्ठावर रडारची स्पंदने सोडून त्याची उंची मोजीत आहेत. भारत आणि फ्रान्स यांनी संयुक्तपणे २०१३ साली सोडलेला ‘सरल’ हा उपग्रह याच कामासाठी होता. मात्र किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि खाड्यांमध्ये उपग्रहाची ही दृष्टी धूसर होते. तेथे माणसाने पाण्यात उतरूनच मोजावे लागते.

खाडीची दोन तोंडे

कोकणातील नद्या सह्याद्रीच्या उभ्या कड्यावरून निघून थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. चार महिने त्या दुथडी भरून वाहतात आणि उरलेले आठ महिने त्यांचे मुख समुद्राच्या स्वाधीन असते. वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल या सर्वांची हीच कथा. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्या पाण्याला मुखापर्यंत रेटतो. उन्हाळ्यात खारे पाणी हळूहळू आत चढते. वजनाने जड असल्यामुळे अनेकदा ते तळाने सरकते आणि वरच्या थरात गोडे पाणी तरंगत राहते. म्हणून क्षारता मोजताना केवळ वरचे पाणी बाटलीत भरून भागत नाही. पृष्ठभागी, मध्यावर आणि तळाशी, भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी, असे नमुने एकाच ठिकाणी घ्यावे लागतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. खाडीत आत जावे तसा हा आकडा उतरत जातो. वर्षानुवर्षे एप्रिल-मे महिन्यांत तो कोणत्या गावाजवळ किती भरतो, यावरून समुद्र आत सरकतो आहे की नाही हे कळते.

मात्र प्रत्येक खाडीचे आपले स्वतंत्र गणित असते. वाशिष्ठीचेच पाहा. दाभोळच्या मुखातून शिरलेली भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. परंतु कोयना प्रकल्पाचे पाणी वीजनिर्मितीनंतर याच नदीत सोडले जात असल्याने उन्हाळ्यातही तिला गोड्या पाण्याचा पुरवठा होतो. तेव्हा वाशिष्ठीतील क्षारतेचे आकडे वाचताना कोयनेचा विसर्गही शेजारी मांडावा लागतो. नाही तर वीजघराच्या वेळापत्रकाचा परिणाम हवामानाच्या खात्यात जमा व्हायचा!

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडाले. दोन्ही वेळी भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वरून येणारा लोंढा मोठा आणि खालची पातळी चढती, अशा कात्रीत खाडीकाठची गावे सापडतात.

पुळण कोठे जाते?

किनाऱ्याची झीज मोजताना सर्वांत मोठी फसगत ऋतूंमुळे होते. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि हिवाळ्यातील शांत लाटा तीच वाळू बऱ्याच अंशी परत आणून टाकतात. जानेवारीचे छायाचित्र ऑगस्टच्या छायाचित्राशेजारी ठेवले तर कोणताही किनारा उद्ध्वस्त झालेला दिसेल. म्हणून काठावर पक्का खांब रोवून तेथून पाण्यापर्यंत एकाच रेषेत, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षी उंची मोजली जाते. उपग्रहाची चित्रे तुलनेस घेतानाही ऋतू आणि भरतीची वेळ सारखी असावी लागते.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील चित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा जो अभ्यास केला, त्यात देशाचा सुमारे एकतृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के असून सुमारे ६५ टक्के किनारा स्थिर आहे. खडकाळ कड्यांचा हा लाभ होय. परंतु कड्यांच्या मध्ये वसलेल्या वाळूच्या पट्ट्यांना तो मिळत नाही. मालवणजवळचे देवबाग एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधील अरुंद वाळूच्या दांड्यावर उभे आहे. तेथे काही मीटरांची झीज म्हणजे कोणाची तरी माडाची रांग, कोणाचे तरी अंगण.

या झिजेचे सारे खापर वाढत्या समुद्रावर फोडणे योग्य ठरणार नाही. रेतीचा उपसा, किनाऱ्याशी काटकोनात बांधलेले धक्के, नदीवरील धरणांत अडणारा गाळ यांनीही पुळण उपाशी राहते. धूपप्रतिबंधक बंधारा एका गावाला वाचवितो आणि कधीकधी शेजारच्या गावाची वाळू तोडतो. कारण नक्की झाल्याखेरीज उपायाचा खर्च समुद्रातच जातो.

किनाऱ्यावरची झाडेही साक्ष देतात. राज्याने २०२० साली ‘पांढरी चिप्पी’ या कांदळवृक्षास राज्याचा मानबिंदू म्हणून स्थान दिले. राज्यात २०२१ च्या वन सर्वेक्षणानुसार ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. प्रत्येक जातीला पाण्याचा खारटपणा ठराविक मर्यादेपर्यंतच मानवतो. त्यामुळे समुद्राकडची जात खाडीत वर वर आढळू लागली, किंवा तिसऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या स्त्रियांना त्या पूर्वीपेक्षा आतल्या वळणावर मिळू लागल्या, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

खारभूमीचा हिशेब

या सर्व मोजमापाची खरी निकड पेण-अलिबागसारख्या खारपट्ट्यात दिसून येते. बांध घालून समुद्राकडून मिळविलेली ही भातशेती भरतीच्या पातळीच्या खालीच वसली आहे. जमीन इतकी सपाट, की हजारास एक उतार धरला तर पाण्याची दहा सेंटिमीटर वाढ शंभर मीटर आत पोहोचते. उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली की बांधाला खांड पडते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढचे काही हंगाम पावसाने मीठ धुऊन नेण्याची वाट पाहावी लागते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. पण त्यांच्या सहनशक्तीलाही सीमा आहे.

बांध फुटण्याची बातमी होते. निचरा मंदावण्याची होत नाही. खारभूमीतील पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीच्या वेळी बाहेर पडते; भरती चढू लागली की उघाडीची झडप मिटते. समुद्राची पातळी वाढली म्हणजे ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके खाली उतरत नाही आणि झडप उघडी राहण्याचा अवधी दिवसातून काही मिनिटांनी घटतो. भाताच्या रोपांवर पाणी साचून राहते. हा घटणारा अवधी टिपण्यास उपग्रहाची गरज नाही. उघाडीच्या खांबावर आत आणि बाहेर सेंटिमीटरच्या खुणा रंगवून, दर अमावास्येला व पौर्णिमेला झडप कधी उघडली आणि कधी मिटली, त्या वेळी दोन्ही बाजूंस पाणी किती होते, एवढे एका वहीत लिहून ठेवले तरी पुरे. अट एवढीच, की खांबाची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुणेशी एकदा जोडून घ्यावी आणि वही एकोणीस वर्षे सांभाळावी.