नाक किती बंद, हे कसे मोजतात?

श्वसनमार्गात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यापैकी जवळपास निम्मा अडथळा एकट्या नाकात होतो. नाकातली सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असते. नाकाचा मधला पडदा तिथे थोडा जरी वाकडा असला, तरी श्वास ओढावा लागतो.

लोणारसारख्या तालुक्याच्या गावी सोयाबीनच्या मळणीत नाक चोंदले, तर तपासणीला जीभ दाबायची स्टीलची पट्टीही पुरते. गार पट्टी नाकाखाली आडवी धरली की उच्छ्वासाची वाफ तिच्यावर दोन जागी धरते. ज्या बाजूचा डाग लहान, त्या बाजूने हवा कमी. मात्र यातून आकडा मिळत नाही.

आकडा मिळतो तो ऱ्हायनोमॅनोमेट्रीने. एका नाकपुडीवर बारीक नळी चिकटपट्टीने हवाबंद बसवतात. ती नाकाच्या मागच्या भागातला दाब टिपते. रुग्ण तोंड मिटून मास्कमध्ये दुसऱ्या नाकपुडीने श्वास घेतो आणि यंत्र प्रवाह मोजते. दाबातल्या फरकाला प्रवाहाने भागले की अडथळा कळतो. तुलना करता यावी म्हणून तो सहसा १५० पास्कल दाबाला काढतात.

यानंतर सूज उतरवणारा फवारा मारून पुन्हा मोजतात, आणि ही दुसरी फेरी सर्वांत मोलाची. आकडा बराच उतरला, तर दोष मुख्यतः सुजलेल्या अस्तराचा. उतरला नाही, तर हाडाचा किंवा पडद्याचा. ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला हे आधी कळायलाच हवे.

एका बाजूचा एकच आकडा फसवा ठरू शकतो. योगपरंपरेला चंद्रस्वर-सूर्यस्वर ठाऊक होतेच; नाकपुड्यांचे अस्तर काही तासांनी आलटून पालटून फुगते, हे जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये नोंदवले. म्हणून दोन्ही बाजूंचा मिळून होणारा अडथळा पाहतात.

रुग्णाची जाणीवही नेहमी आकड्याशी जुळत नाही. नाक मोकळे वाटते ते आत शिरणाऱ्या हवेच्या गारव्यामुळे. मेंथॉल हुंगल्यावर बरे वाटते, पण अडथळा तेवढाच राहतो. उलट काहींची नाकपोकळी ऐसपैस असूनही जीव गुदमरतो.

पडद्याला भोक असेल किंवा एक बाजू पूर्ण बंद असेल, तर ऱ्हायनोमॅनोमेट्रीची ही पद्धत चालत नाही. लहान दवाखान्यांसाठी मास्क लावलेले हातात धरायचे फ्लो मीटर असते. नाकाने जोरात श्वास ओढला की काटा सरकतो. त्याला वीज लागत नाही. तीनदा ओढायला लावून सर्वांत मोठा आकडा नोंदवतात.