ताणलेलें मन आणि ध्यान

संध्याकाळीं सात वाजतां डोंबिवलीच्या स्थानकावर उतरणारा एखादा कारकून डोळ्यांपुढें आणावा. दिवसभरांत त्याच्यावर कोणतेंही मोठें संकट कोसळलेलें नसतें. सकाळची गाडी चुकली, साहेबांनीं चारचौघांत एक शब्द अधिक बोलून दाखविला, दुपारीं घराच्या हप्त्याची आठवण देणारा संदेश मोबाइलवर आला, आणि परतीचा तासभर प्रवास गर्दींत उभ्यानें झाला, इतकेंच. तरी घरांत पाऊल टाकतांना त्याचे खांदे आखडलेले असतात, जबडा आवळलेला असतो. मुलानें गणिताची वही पुढें केली कीं त्याच्या तोंडून जो शब्द निघतो, तो त्या मुलासाठीं नसतोच. साहेबांना द्यावयाचा राहून गेलेला तो जबाब असतो. मूल निमूटपणें वही मिटतें. असे दहा-वीस प्रसंग झाले म्हणजे तें वही घेऊन येईनासें होतें. रोजच्या ताणाची किंमत ही अशी घरांतल्या माणसांकडून वसूल होत असते. म्हणून त्याचा विचार करणें ही केवळ फुरसतीच्या लोकांची हौस नव्हे.

हा ताण शरीरांत नेमकें काय करतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठांतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न झाला असतां मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो. त्यासरशी हृदय जलद चालूं लागतें, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतें, आणि यकृतांत सांठविलेली साखर रक्तांत उतरते. वाघ समोर आला असतां लढतां यावें किंवा पळतां यावें, यासाठीं निसर्गानें केलेली ही तयारी होय. पुढें १९३६ सालीं मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, त्रासाचीं कारणें निरनिराळीं असलीं तरी शरीर त्यांना पुष्कळसें एकाच ठराविक रीतीनें तोंड देतें, आणि त्रास दीर्घकाल टिकला तर या झुंजींत तें झिजून जातें.

परंतु वाघ निघून गेला कीं रानांतलें हरिण पुन्हां चरूं लागतें. माणसाचें तसें होत नाहीं. साहेबांनीं तो शब्द एकदांच उच्चारला. पण मन तो गाडींत दहा वेळां, जेवतांना पांच वेळां आणि अंथरुणावर पडल्यावर पुन्हां पुन्हां उच्चारतें. प्रत्येक उच्चाराबरोबर शरीर थोड्याफार प्रमाणांत तीच लढाईची तयारी करतें. कारण समोरचा वाघ आणि आठवणींतला वाघ यांतला भेद त्याला नीटसा कळत नाहीं. हें मर्म लक्षांत आलें म्हणजे उपायाची दिशाही स्पष्ट होते. साहेबांचा स्वभाव बदलणें किंवा गाडीची गर्दी कमी करणें कारकुनाच्या हातीं नाहीं. पण मनांत चाललेली ही आवृत्ति कांहीं अंशीं तरी थांबविणें त्याच्या हातीं आहे.

त्यासाठीं शरीरानेंच एक दार उघडें ठेवलें आहे. हृदयाला हळू चालण्याचा हुकूम दिला तर तें ऐकत नाहीं; आंतड्यांवरही कोणाची हुकमत चालत नाहीं. श्वास मात्र दोन धन्यांचा चाकर आहे. लक्ष नसतांना तो आपोआप चालतो, आणि लक्ष दिलें तर इच्छेप्रमाणें मंदावतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारें १२ ते २० श्वास घेतो. श्वास आंत घेतांना हृदयाची गति किंचित् वाढते आणि सोडतांना किंचित् उतरते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेला व्हेगस नांवाचा मज्जातंतु हें काम करतो. त्यामुळें श्वास सोडणें सावकाश झालें म्हणजे संकट टळल्याचा निरोप शरीराला पोंचतो, आणि कोरड्या उपदेशापेक्षां तो लौकर पोंचतो.

ध्यान म्हणजे मन अगदीं कोरें करणें, अशी एक समजूत रूढ आहे, आणि पुष्कळांचा प्रयत्न या समजुतीपायींच फसतो. पहिल्या दिवशीं ते डोळे मिटून बसतात. दोन मिनिटांत भाजी, विजेचें बिल, मुलीचें लग्न हें सारें मनांत गर्दी करतें. आणि आपल्याला हें साधावयाचें नाहीं असें म्हणून ते उठतात. वास्तविक ही अडचण नवी नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनानें मनाच्या चंचलपणाची हीच तक्रार केली आहे, आणि श्रीकृष्णानें ती खोडून न काढतां अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांतही हेच दोन उपाय आले आहेत. चित्त एका ठिकाणीं बांधणें ही धारणा, आणि तेथेंच त्याचा प्रवाह अखंड वाहणें हें ध्यान, असा क्रम तेथें लावलेला आहे. सामान्य माणूस ज्याला ध्यान म्हणतो तो बहुधा धारणेचा अभ्यास असतो, आणि रोजच्या ताणाला तेवढाही पुष्कळ होतो.

या अभ्यासाची रीति साधी आहे. खुर्चीवर किंवा सतरंजीवर पाठ सरळ ठेवून बसावें. मांडी घालणें जमत नसेल तर हट्ट धरूं नये. डोळे मिटावे, जबडा व खांदे सैल सोडावे. श्वास नाकानें घ्यावा. त्याला ओढूं नये कीं कोंडूं नये. नाकपुड्यांशीं त्याचा स्पर्श जेथें जाणवतो तेथें लक्ष ठेवावें. प्रत्येक श्वास सोडतांना एक याप्रमाणें दहापर्यंत आंकडे मोजावे व पुन्हां एकापासून आरंभ करावा. चवथ्या आंकड्याला मन कचेरींत जाऊन बसलेलें आढळेल. तें तसें आढळून येणें हाच या अभ्यासाचा गाभा होय. त्या वेळीं स्वतःवर चिडूं नये. रांगतें मूल उंबऱ्याबाहेर गेलें तर आई जशी त्याला उचलून आंत आणते, तसें लक्ष श्वासावर परत आणावें. दहा मिनिटांत तें पन्नास वेळां गेलें आणि पन्नास वेळां परत आणलें, तर अभ्यास पन्नास वेळां झाला असें समजावें. भरल्या पोटीं बसूं नये, कारण झोंप येते. वेळ आणि जागा शक्य तों रोज तीच ठेवावी. ज्याला श्वासापेक्षां नाम सोपें वाटतें त्यानें नाम घ्यावें. वारकऱ्यांच्या घरांत ही रीति पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

हें सर्व संसार सोडलेल्यांसाठीं आहे, असा आक्षेप घेतला जातो. ब्रह्मदेशांतील सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचें चरित्र हें त्याला उत्तर आहे. सरकारी हिशेबखात्यांत कारकून म्हणून लागलेले हे गृहस्थ १९४८ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां महालेखापाल झाले, आणि आपल्या कचेरींतील लोकांनाच विपश्यना शिकवूं लागले. १९५५ सालीं सत्यनारायण गोएंका हे व्यापारी डोकेदुखीच्या असह्य विकारानें गांजून त्यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठीं येऊं नये, मन निर्मळ करण्यासाठीं यावें, असें त्यांना सांगण्यांत आलें. पुढें गोएंका १९६९ सालीं भारतांत आले व त्यांनीं शिबिरें भरविलीं. इगतपुरी येथें १९७६ पासून त्यांचें केंद्र चालू आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत आरंभीचे तीन दिवस केवळ येत्याजात्या श्वासाकडे पाहण्यांत जातात.

शास्त्रज्ञांनींही या विषयाची उपेक्षा केलेली नाहीं. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली. हार्वर्डमधील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनीं १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत एकाच शब्दाची शांतपणें आवृत्ति करण्याची पद्धति सांगितली. जॉन कबात्-झिन यांनीं १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय विद्यालयांत रोग्यांसाठीं शिक्षणक्रम सुरू केला. तो पुढें आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. २०१४ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय मासिकांत ४७ चांचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्या चांचण्यांत ३,५१५ लोक होते. त्यांतून निष्पन्न झालें तें असें, कीं ध्यानानें चिंता, खिन्नता व वेदना यांत थोडा, पण खरा उतार पडतो; मात्र व्यायाम किंवा औषध यांहून तें श्रेष्ठ आहे असें सिद्ध होत नाहीं. ध्यानाविषयीं मोठमोठीं वचनें देणारांनीं आणि त्याची टिंगल करणारांनीं, दोघांनींही हें ध्यानांत ठेवावें.

या उपायाला मर्यादाही आहेत. ध्यान हें अन्यायावर घालावयाचें पांघरूण नव्हे. पगार वेळेवर मिळत नसेल किंवा कामाचे तास माणुसकीच्या पलीकडे गेले असतील, तर त्यावरील इलाज दाद मागणें हा आहे. शांत चित्तानें ती अधिक चांगली मागतां येते, एवढेंच. तसेंच आठवडेच्या आठवडे झोंप नाहीं, जेवणावर वासना नाहीं, जगणें नकोसें झालें आहे, अशी स्थिति असेल तर डोळे मिटून एकट्यानें बसूं नये, वैद्याकडे जावें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठींच आहे. कांहीं थोड्या लोकांना ध्यानाला बसल्यावर अस्वस्थता उलट वाढलेली जाणवते. त्यांनीं हट्टानें पुढें न जातां थांबावें व जाणत्याचा सल्ला घ्यावा.

आतां पुन्हां त्या कारकुनाकडे वळावें. त्याला हिमालयांत जावयाचें नाहीं कीं नोकरी सोडावयाची नाहीं. स्थानकावर उतरल्यावर गर्दी ओसरेपर्यंत तो बांकावर पांच मिनिटें बसला, डोळे मिटून त्यानें आपले श्वास मोजले, आणि साहेबांचा शब्द मनांत उठतांच तो उठला आहे एवढें ओळखून पुन्हां एकापासून आरंभ केला, तर साहेब बदलणार नाहींत, हप्ताही कमी होणार नाहीं. पण घरीं पोंचेपर्यंत त्याचा जबडा सैल झालेला असेल. मुलानें वही पुढें केल्यावर शब्द तोंडाबाहेर पडण्यापूर्वीं त्याला एका श्वासाइतका अवकाश मिळेल, आणि त्या अवकाशांत वही कोणाची आहे हें त्याला दिसेल.