सर्वसाधारण कार्ड नकार

सर्वसाधारण कार्ड नकार म्हणजे कार्डाद्वारे होणारा व्यवहार कार्ड देणाऱ्या बँकेने विशिष्ट कारण न सांगता नाकारणे होय. मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या व्यवसायांत, उदा. वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्या वा चित्रपट दाखवणाऱ्या सेवा, या नकाराला विशेष महत्त्व आहे. दुकानात कार्ड नाकारले गेल्यास ग्राहक तत्काळ दुसरे कार्ड किंवा रोख रक्कम देऊ शकतो. वर्गणीची रक्कम मात्र त्याच्या अनुपस्थितीत वजा होत असल्याने नकाराची त्याला अनेकदा जाणीवही नसते. परिणामी सेवा सोडण्याची इच्छा नसलेला ग्राहकही गमावला जातो. यास अनैच्छिक गळती म्हणतात.

स्वरूप

व्यवहाराची विनंती व्यापाऱ्याच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या जाळ्यामार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. तिचे उत्तर सांकेतिक स्वरूपात परत येते. आयएसओ ८५८३ या मानकावर आधारित प्रचलित पद्धतीत ‘५१’ म्हणजे अपुरी शिल्लक, ‘५४’ म्हणजे मुदत संपलेले कार्ड आणि ‘४३’ म्हणजे चोरीस गेलेले कार्ड. ‘०५’ या संकेताचा अर्थ मात्र ‘व्यवहार मान्य करू नये’ एवढाच होतो. सर्वसाधारण नकाराचे हे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

कारणे

बँकेच्या गैरव्यवहार-शोध यंत्रणेला आलेला संशय, खात्यावरील निर्बंध, बँकेने ठरवलेल्या मर्यादा किंवा तात्पुरता तांत्रिक दोष यांपैकी काहीही अशा नकारामागे असू शकते. कारण उघड केल्यास चोरलेल्या कार्डांची चाचणी घेणाऱ्यांना उपयुक्त माहिती मिळेल, म्हणूनही बँका मोघम उत्तर देतात. खरे कारण केवळ कार्ड देणारी बँकच सांगू शकते आणि तेही कार्डधारकालाच. व्यापाऱ्याला ते कळत नाही.

हाताळणी

कारण अज्ञात असल्याने ‘आपल्या खात्यात पैसे नाहीत’ असे ग्राहकास कळवणे चुकीचे व अपमानास्पद ठरू शकते. ‘बँकेने व्यवहार मंजूर केला नाही, कृपया बँकेशी संपर्क साधावा किंवा दुसरा मार्ग निवडावा’ असा तटस्थ संदेश योग्य मानला जातो. सामान्यतः पुढील उपाय योजले जातात :

* काही दिवसांच्या अंतराने मर्यादित पुनर्प्रयत्न करणे. लागोपाठ प्रयत्न केल्यास बँकेचा संशय बळावतो. व्हिसाच्या नियमांनुसार पुनर्प्रयत्नास मुभा असलेल्या नकारांनंतरही ३० दिवसांत १५ हून अधिक पुनर्प्रयत्न करता येत नाहीत.
* कार्ड चोरीस गेल्याचा किंवा हरवल्याचा संकेत आल्यास पुनर्प्रयत्न न करणे.
* ग्राहकास त्वरित कळवून नवे कार्ड नोंदवण्याचा सोपा मार्ग देणे.
* सेवा लगेच बंद न करता काही दिवसांची सवलत-मुदत देणे.

भारतातील स्थिती

भारतात नकाराची काही कारणे नियमांशी निगडित आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे प्रारंभी केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवर चालतात. ऑनलाइन व परदेशी व्यवहारांची सोय कार्डधारकाने स्वतः सुरू करावी लागते. ती बंद असल्यास परदेशी सेवेची वर्गणी नाकारली जाते.

आवर्ती व्यवहारांसाठीच्या ई-आदेश चौकटीची पूर्ण अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०२१ पासून झाली. नोंदणीच्या वेळी ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी आणि रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक झाली. या चौकटीत न बसणारे आवर्ती व्यवहार बँकांनी नाकारल्याने त्या काळात अनेकांच्या वर्गण्या खंडित झाल्या. पडताळणीविना वजा होऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. विमा हप्ते, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाची देयके यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती १ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ग्राहकाची संमती नोंदवलेली नसल्यास त्याच कार्डावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उपयोग होत नाही. नवी नोंदणी करणे किंवा यूपीआय ऑटोपेसारखा पर्याय देणे आवश्यक ठरते.