जयाचे मोल

अरण्यमार्गाने सायकलीवरून शाळेस जाण्यात ज्यांची उमेद सरली, त्या आम्हां चंद्रपूरकरांस फ्रान्सच्या सायकल-शर्यतीचे कौतुक वाटावे यात नवल नाही. १९६४ साली आंकतील व पुलिदोर पुय द डोमचा चढ खांद्यास खांदा भिडवून चढले. शिखरापाशी पुलिदोर ४२ सेकंद पुढे गेला. परंतु पॅरिसपर्यंतच्या एकूण वेळात आंकतील सरस ठरला, तो अवघ्या ५५ सेकंदांनी! हे त्याचे पाचवे जेतेपद. लोकांचे प्रेम मात्र पुलिदोरावर, आणि आंकतीलला ते खुपे. व्यर्थच! असा प्रतिस्पर्धी नसता तर त्या ५५ सेकंदांस कोणी विचारले असते? अग्रणीचा पिवळा सदरा पुलिदोरास चौदा शर्यतींत एकदाही लाभला नाही. २०१९ साली तो वारला. २०२१ साली त्याच्या दौहित्राने, मात्यू व्हान डर पूल याने, तो सहा दिवस अंगावर वागविला.