कीबोर्डवरून सोल्डरिंगकडे

आजोबा ‘भेल’मध्ये आणि नातवंडं आयटीत, असं घर भोपाळच्या मराठी मंडळींना नवं नाही. १९५६ साली इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची सुरुवात झाली. त्या पिढीचे हात तारा, मोटारी, पाना-पक्कड यांना सरावलेले होते. आज तुलसी नगरातल्या घरी बसून परदेशातला सर्व्हर सांभाळणारी मुलं दाराची बेल बिघडली की मात्र इलेक्ट्रिशियनला फोन लावतात. ही दरी एका छंदाने कमी होऊ शकते.

२००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो किंवा वाय-फाय असलेला ईएसपी३२ बोर्ड घ्या. सोबत ब्रेडबोर्ड, तारा, एलईडी, रेझिस्टर आणि मल्टिमीटर. प्रोग्रॅम लिहिणं तुम्हाला येतंच. नवा असतो तो ओहमचा नियम. ५ व्होल्टच्या आर्डुइनोवर लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ३ व्होल्टसाठी २२० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर राहतो. रेझिस्टर विसरलात तर एलईडी किंवा बोर्डाची पिन जळते. इथे ‘अन्डू’ नाही!

पुढचा प्रयोग घराच्या उपयोगाचा करा: गच्चीवरची टाकी भरत आली की वाजणारा बझर. सेन्सर पाण्याच्या दिशेने ध्वनिलहर सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजतो. पाणी १ मीटर खाली असेल तर सुमारे ५.८ मिलिसेकंद. टाकीत दमटपणा असतो, म्हणून जलरोधक सेन्सर घ्या. त्याचा सिग्नल ५ व्होल्टचा असेल, तर ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या ईएसपी३२ला तो थेट जोडू नका. १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी उतरवून घ्या. पंपाच्या २३० व्होल्टला मात्र हात लावायचा नाही. ते काम जाणकाराचंच.

हातांनी शिकण्याचा हा विचार आपल्याकडे जुनाच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गावातली मुलं तिथे प्रत्यक्ष काम करत शिकू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली.

तेव्हा येत्या रविवारी लॅपटॉप थोडा बाजूला सरकवा, टेबलावर ब्रेडबोर्डला जागा करा. घरात ‘भेल’मधून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर सोल्डरिंग त्यांच्याकडूनच शिका. प्रोग्रॅम तुम्ही त्यांना समजावून सांगा.